मेरीसव्हिलची अकॉर्ड : पत्ता बदलला आणि गाडीही बदलली

जुनी गाडी बघायला जाताना सोबत एखादा जाणकार असेल, तर तो बॉनेट उघडण्याआधी चॅसिस नंबर वाचतो. सतरा अक्षर-आकड्यांच्या त्या ओळीत गाडीचा जन्मदाखला असतो. पहिल्या तीन जागांवरून देश आणि कंपनी कळते. आपल्याकडे बनलेल्या होंडा सिटीवर तिथे ‘एमएके’ असतं. जपानमधून परदेशी गेलेल्या होंडाच्या गाडीवर ‘जेएचएम’. आणि अमेरिकेत बनलेल्या होंडा अकॉर्डवर ‘१एचजी’.

‘जे’ जाऊन तिथे ‘१’ कधी आला, ती तारीख नोंदलेली आहे. १ नोव्हेंबर १९८२. ओहायो राज्यातल्या मेरीसव्हिलच्या कारखान्यातून त्या दिवशी करड्या रंगाची, चार दारांची एक अकॉर्ड बाहेर पडली. जपानी कंपनीने अमेरिकेत बनवलेली ती पहिली मोटारगाडी. पुढे तिला डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात जागा मिळाली, म्हणजे थेट फोर्डच्या गावात.

‘आयातीवरचे निर्बंध चुकवण्यासाठी जपान्यांनी अमेरिकेत कारखाने काढले’ अशा एका वाक्यात हे प्रकरण बहुतेक वेळा उरकलं जातं. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की ते वाक्य डळमळतं, हे पुढे येईलच. पण मला त्याहून मोठी उणीव वाटते ती वेगळीच. कारखान्याचा पत्ता बदलल्यावर खुद्द गाडीचं काय झालं, हे कुणी सांगत नाही. अकॉर्ड अमेरिकेत बनू लागली आणि वर्षागणिक अमेरिकेचीच होत गेली. इतकी, की वीस वर्षांनी जपानमध्ये त्याच नावाने विकली जाणारी गाडी सर्वस्वी निराळी होती.

घरच्या पंगतीत उशिरा

होंडाला समुद्र का ओलांडावा लागला हे समजायला आधी जपानमधली तिची जागा पाहावी लागते. सोइचिरो होंडा यांनी १९४८ मध्ये हामामात्सूत कंपनी काढली ती सायकलला बसवायच्या छोट्या इंजिनांवर आणि मग मोटरसायकलींवर. मोटारगाड्यांत ती उतरली १९६३ मध्ये, टी३६० हा छोटा ट्रक आणि एस५०० ही दोन माणसांची गाडी घेऊन. तोवर टोयोटा आणि निसान यांचं बस्तान पक्कं बसलं होतं. शिवाय जपानच्या व्यापार व उद्योग मंत्रालयाला देशात मोजक्याच मोटार कंपन्या हव्या होत्या. नव्यांना या धंद्यात येऊ न देणारा कायदा करण्याच्या तयारीत ते होतं. तो कायदा मंजूर झाला नाही, पण दार बंद व्हायच्या आत पाय घालावा म्हणून होंडाने घाईघाईने या दोन गाड्या आणल्या होत्या.

पंगतीत उशिरा बसणाऱ्याच्या पानात उरलंसुरलं पडतं. जपानभर पसरलेलं विक्रेत्यांचं जाळं टोयोटाकडे होतं, होंडाकडे नव्हतं. अमेरिकेत मात्र १९५९ पासून लॉस एंजेलिसमध्ये होंडाचं स्वतःचं ऑफिस होतं आणि मोटरसायकलींमुळे नाव घरोघरी पोचलं होतं. म्हणजे टोयोटासाठी अमेरिका ही घरच्या बाजारानंतरची पायरी होती. होंडासाठी तीच मोठी होण्याची जागा होती. माझ्या मते पुढचं सारं या एका फरकातून निघतं.

त्यात अमेरिकेने १९७० मध्ये हवेच्या प्रदूषणाचा कडक कायदा केला. अमेरिकी मोटार उद्योगाचं माहेर असलेल्या डेट्रॉइटच्या बड्या कंपन्या तो पाळणं अशक्य आहे असं सांगत राहिल्या. होंडाने सीव्हीसीसी नावाचं इंजिन पुढे आणलं आणि १९७२ च्या अखेरीस ते सरकारी चाचणीत उतरलं. त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. पेट्रोल कमी आणि हवा जास्त असं विरळ मिश्रण जाळलं तर विषारी वायू कमी निघतात, पण असं मिश्रण नुसत्या ठिणगीने नीट पेट घेत नाही. म्हणून होंडाने मुख्य कोठडीला लागून एक छोटी कोठडी काढली, तिला स्वतंत्र झडप दिली आणि तिच्यात दाट मिश्रण सोडलं. ठिणगी पडते ती या छोट्या कोठडीत. तिथली ज्वाला मुख्य कोठडीत झेपावते आणि विरळ मिश्रण सावकाश, पुरतं जाळते. चुलीत लाकडं पेटत नसली की आधी कागद-काटक्यांचा जाळ करतात, त्यातलाच हा प्रकार. धूर साफ करायला मागे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावायची गरज राहिली नाही.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर कमी पेट्रोल पिणाऱ्या सिव्हिकला अमेरिकेत गिऱ्हाईक मिळालं, आणि १९७६ मध्ये अकॉर्ड आली. पहिली अकॉर्ड सेडान नव्हती. ती तीन दारांची हॅचबॅक होती, लांबी सुमारे ४.१ मीटर, इंजिन १६०० सीसी, अमेरिकेतली किंमत ३,९९५ डॉलर. चार दारांची, मागे डिकी असलेली सेडान १९७७ मध्ये जपानमध्ये निघाली आणि १९७९ च्या मॉडेलसोबत अमेरिकेत पोचली. मागणी अशी होती की गाड्या कमी पडू लागल्या.

आधी मोटरसायकल

११ ऑक्टोबर १९७७ रोजी होंडाने ओहायोत कारखाना काढत असल्याचं जाहीर केलं. कारखाना मोटरसायकलींचा होता. ओहायोचे गव्हर्नर जेम्स ऱ्होड्स यांनी तो राज्यात यावा म्हणून जिवाचं रान केलं होतं, आणि मोटारगाड्यांचा कारखाना मागोमाग यावा ही आशा त्यांनी लपवली नव्हती.

मेरीसव्हिल हे कोलंबस शहराच्या वायव्येला पन्नासेक किलोमीटरवरचं गाव. आजूबाजूला मका आणि सोयाबीनची सपाट शेतं. डेट्रॉइट काही तासांवर, म्हणजे सुटे भाग बनवणारे हाकेच्या अंतरावर, पण डेट्रॉइटच्या कामगार संघटनेची पकड इथवर आलेली नव्हती. आणि शेजारीच ईस्ट लिबर्टीला राज्य सरकारने उभारलेलं वाहन चाचणी केंद्र होतं, साडेसात मैल लांबीच्या लंबवर्तुळी धावपट्टीसह. ज्या कंपनीला इथे मोटारी बनवायच्या आहेत तिला अशी धावपट्टी दाराशी असणं किती मोलाचं! १९८८ मध्ये होंडाने ते केंद्र विकतच घेतलं.

१० सप्टेंबर १९७९ ला मोटरसायकलींचं काम सुरू झालं तेव्हा कारखान्यात ६४ माणसं होती. पहिली गाडी सीआर२५०आर, मातीच्या शर्यतीची. मग गोल्ड विंगसारखी अवजड गाडी. मला या क्रमात होंडाचा शहाणपणा दिसतो. शेतीवर वाढलेली, मोटार कारखान्याचा उंबरा न ओलांडलेली ही माणसं आपल्या पद्धतीने काम करतील का, पुरवठादार वेळेवर माल देतील का, जपानी अभियंता आणि ओहायोचा कामगार एकमेकांचं बोलणं समजून घेतील का, या साऱ्याची परीक्षा आधी लहान यंत्रावर घेतली. चूक झालीच असती तर ती परवडणारी असती.

आणि मग चार महिन्यांत, जानेवारी १९८० मध्ये, मोटारगाड्यांच्या कारखान्याची घोषणा झाली. खर्चाचा अंदाज २५ कोटी डॉलर. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष किओशी कावाशिमा. सोइचिरो होंडा निवृत्त होऊन सहा-सात वर्षं झाली होती.

आता ती तारखांची गोष्ट. अमेरिकेच्या मोटार कामगार संघटनेचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर टोकियोला जाऊन ‘इथे विकता तर इथे कारखाने काढा’ असं टोयोटा-निसानला सांगून आले ते फेब्रुवारी १९८० मध्ये. जपानने ‘स्वेच्छेने’ निर्यात आवरली, वर्षाला १६ लाख ८० हजार गाड्यांवर, ती मे १९८१ मध्ये. होंडाचा निर्णय या दोन्हींच्या आधीचा. वारं कुठल्या दिशेने वाहतंय हे तिला दिसत नव्हतं असं नाही. डेट्रॉइटची क्रायस्लर कंपनी बुडायला आली होती आणि अमेरिकी वर्तमानपत्रं त्याच विषयाने भरलेली असत. पण कारखाना निघाला तो आधीपासूनच्या गरजेपोटी. निर्बंध आल्यावर त्याचा फायदा मात्र दुप्पट झाला. निर्यातीचा वाटा कंपन्यांना त्यांच्या जुन्या विक्रीच्या प्रमाणात मिळाला, त्यात होंडाच्या पदरी थोडंच पडलं. मेरीसव्हिलची गाडी त्या हिशेबात धरलीच जात नव्हती.

शेजारची पडलेली भिंत

याच काळात आणखी एका परदेशी कंपनीने हाच डाव मांडला होता, आणि त्याच्या शेजारी ठेवल्याशिवाय मेरीसव्हिलचं महत्त्व कळत नाही. फोक्सवॅगनने पेनसिल्व्हेनियात न्यू स्टँटनजवळ क्रायस्लरने अर्धवट सोडलेला कारखाना घेतला आणि एप्रिल १९७८ मध्ये तिथे रॅबिट, म्हणजे जर्मनीतली गोल्फ, बनवायला सुरुवात केली. होंडाच्या साडेचार वर्षं आधी. प्रमुखपदी जनरल मोटर्समधून आलेला माणूस. सहा महिन्यांत कामगारांनी पगारावरून संप केला. त्यातच गाडी अमेरिकी माणसाला आवडावी म्हणून स्प्रिंगा मऊ केल्या आणि आतली सजावट भडक केली. ज्या घट्ट, चपळ चालीसाठी लोक ती गाडी घेत होते तीच गेली. जुलै १९८८ मध्ये कारखाना बंद पडला.

वरवर पाहता दोघांनी एकच केलं, अमेरिकेत अमेरिकेसाठी गाडी बनवली. फरक असा की फोक्सवॅगनने डेट्रॉइटची पद्धत आणि डेट्रॉइटची चव दोन्ही विकत घेऊन वर आपला बिल्ला लावला. होंडाने पद्धत आपली ठेवली आणि गाडीची चव बदलायला दहा वर्षं घेतली.

पद्धत म्हणजे काय, तर बऱ्याच साध्या गोष्टी. साहेबापासून जोडणीच्या कामगारापर्यंत सगळ्यांना सारखाच पांढरा गणवेश. जेवायला एकच उपाहारगृह. साहेबासाठी गाडी लावायची राखीव जागा नाही. कामगार हा शब्द न वापरता सगळ्यांना ‘असोसिएट’ म्हणायचं. १९८४ मध्ये ओहायोच्या कारभाराची सूत्रं घ्यायला शोइचिरो इरिमाजिरी आले, तरुणपणी होंडाच्या शर्यतीच्या मोटरसायकलींची इंजिनं रेखणारे अभियंते. यंत्रावर हात काळे केलेला माणूस कारखान्याच्या डोक्यावर असणं ही त्या कंपनीची जुनी रीत.

पण या चित्राला काळी बाजू आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. कामगार संघटनेने मेरीसव्हिलमध्ये शिरकाव करायचा प्रयत्न केला आणि १९८६ मध्ये, संघटना हवी की नको यावर कामगारांचं मतदान घेण्याचा अर्ज मागे घेतला. तो वाद तेव्हापुरता तिथेच थांबला. त्याहून गंभीर होती भरतीची पद्धत. कारखान्यापासून ठरावीक अंतराच्या आत राहणाऱ्यांनाच घ्यायचं, असा नियम होता. कागदावर तो निर्दोष दिसतो. पण त्या वर्तुळात जवळजवळ सगळी वस्ती गोऱ्यांची होती, आणि कृष्णवर्णीय कुटुंबं राहत होती ती मुख्यतः वर्तुळाबाहेरच्या कोलंबसमध्ये. १९८८ मध्ये समान रोजगार संधी आयोगाशी तडजोड करून होंडाने सुमारे ३७० कृष्णवर्णीय व्यक्तींना आणि स्त्रियांना मिळून ६० लाख डॉलर देण्याचं मान्य केलं. कारखान्याची जागा निवडताना माणसंही निवडली जातात, नकळत किंवा जाणूनबुजून. प्रकरण अभ्यास लिहिताना ही ओळ गाळणं मला अप्रामाणिक वाटतं.

बाहेरचं वातावरणही सोपं नव्हतं. जून १९८२ मध्ये, पहिली अकॉर्ड बाहेर पडायच्या साडेचार महिने आधी, डेट्रॉइटमध्ये व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला मोटार उद्योगातल्या दोन गोऱ्या माणसांनी बेसबॉलच्या बॅटने इतकं मारलं की चार दिवसांनी तो गेला. आपल्या नोकऱ्या जपानी गाड्यांनी खाल्ल्या हा राग त्या काळी हवेत होता, आणि तो जपानशी काडीचा संबंध नसलेल्या माणसावर निघाला. मारेकऱ्यांनी शिक्षा म्हणून एक दिवसही तुरुंगात काढला नाही; शेवटी दंड आणि चांगल्या वागणुकीची हमी एवढ्यावर सुटले. अशा हवेत ओहायोच्या माणसांनी जपानी बिल्ल्याची गाडी आपल्या हाताने बनवायला घेतली होती.

‘इथे बनली’ म्हणजे किती?

सुरुवातीच्या मेरीसव्हिल अकॉर्डचं इंजिन जपानमधून जहाजाने यायचं. पत्रे दाबणं, जोडणं, रंगवणं आणि जुळणी ओहायोत. मग ती गाडी कुठली म्हणायची? टीकाकार तेव्हा हेच विचारत होते, आणि प्रश्न रास्त होता.

उत्तर यायला वेळ लागला, पण ते आलं. १९८५ मध्ये पश्चिमेला अ‍ॅना गावी इंजिनांचा कारखाना निघाला. आधी गोल्ड विंगची इंजिनं, वर्षभराने मोटारींची. १९८६ मध्ये मेरीसव्हिलला दुसरी जोडणी-साखळी सुरू झाली. १९८९ च्या अखेरीस ईस्ट लिबर्टीला सिव्हिक सेडान बनू लागली. पुरवठादार घडवण्याचं काम सगळ्यांत चिकाटीचं. मिशिगनमधल्या हॉलंड गावची डॉनेली ही कंपनी गाडीच्या आतले आरसे बनवायची. होंडाने तिला बाहेरच्या आरशांचं काम दिलं, ज्याचा तिला अनुभव नव्हता. तिने त्यासाठी नवा कारखाना बांधला आणि होंडाचे अभियंते तिथे जाऊन बसले. तयार माल स्वस्तात घेण्यापेक्षा माल देणारा तयार करायचा, ही जपानी चाल अमेरिकी पुरवठादारांना नवी होती.

तरी ‘किती’ हा प्रश्न मिटला नाही. कॅनडातल्या अ‍ॅलिस्टनमध्ये होंडाने १९८६ मध्ये कारखाना सुरू केला, सुरुवातीला अकॉर्डचाच आणि मग सिव्हिकचा. तिथल्या सिव्हिक अमेरिकेत करमुक्त यायच्या, अट एवढीच की निम्मं मूल्य उत्तर अमेरिकेतलं हवं. १९९२ मध्ये अमेरिकी सीमाशुल्क खात्याने हिशेब केला आणि सांगितलं, अट पाळली गेलेली नाही. वाद इंजिनाचा होता: ओहायोत बनलेल्या इंजिनातला कोणता खर्च ‘स्थानिक’ धरायचा? दोन देशांचे हिशेबनीस एका इंजिनावर डोकी फोडत बसले. पुढे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातल्या नाफ्टा या व्यापार करारात मोजणीचे नियम नव्याने लिहिले गेले आणि मोटारींसाठी हा वाटा ६२.५ टक्क्यांवर गेला. आजच्या करारात तो ७५ टक्के आहे.

गाडी रुंद होत गेली

आता गाडीकडे येऊ. मेरीसव्हिलला पहिल्यांदा बनली ती अकॉर्डची दुसरी पिढी, सुटसुटीत आणि जपानी मापाची. १९८५ ची तिसरी पिढी मला आजही सर्वांत देखणी वाटते: मिटणारे-उघडणारे हेडलाइट, उतरतं बॉनेट आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, जे तोवर शर्यतीच्या आणि महागड्या गाड्यांत असायचं. या पिढीची दोन दारांची कूपे फक्त ओहायोत बनत होती, आणि १९८८ मध्ये ती जहाजात चढून जपानला गेली. स्टिअरिंग डावीकडे, तसंच ठेवलेलं. सहा वर्षांपूर्वी ज्यांना जपानी प्रशिक्षक काम शिकवत होते त्यांच्या हातची गाडी आता जपानमध्ये विकली जात होती! मेरीसव्हिलच्या माणसांना त्या दिवशी काय वाटलं असेल, याचा विचार मनात येतोच.

पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, अकॉर्ड अमेरिकेत सर्वाधिक खपलेली कार ठरली. आकडा ३ लाख ६२ हजारांवर. परदेशी बिल्ल्याच्या गाडीने डेट्रॉइटच्या मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांना मागे टाकलं, आणि तो मान जपानी कंपनीकडे पहिल्यांदाच आला. १९९० आणि १९९१ मध्येही तीच पहिली. १९९२ मध्ये फोर्डने आपल्या टॉरस गाडीवर सवलतींची खैरात करून तो मान परत मिळवला. १९९० च्या सुमारास आलेली अकॉर्ड वॅगन तर अमेरिकेतच रेखली, अमेरिकेतच बनली आणि तिथून जपान व युरोपात गेली.

यश मिळालं की ज्याच्यामुळे मिळालं त्याचं ऐकावं लागतं. अमेरिकी कुटुंबाला हवी होती मागच्या बाकावर तीन मोठी माणसं, रुंद खांदे, मोठी डिकी आणि महामार्गावर तासन्‌तास शांत चाल. जपानी गिऱ्हाइकाला हवी होती गल्लीत वळणारी, ठरावीक मापात बसणारी गाडी. हे माप जपानमध्ये नुसतं सवयीचं नाही, नियमाचं आहे. लांबी ४.७ मीटर, रुंदी १.७ मीटर आणि इंजिन २००० सीसी यांच्या आत असेल तर गाडीच्या नंबरप्लेटवर वर्गाचा आकडा पाचने सुरू होतो. त्याबाहेर गेली की तीनने, मोठ्या गाड्यांच्या वर्गात. १९९३ च्या पाचव्या पिढीची रुंदी १.७६ मीटर झाली. सहा सेंटिमीटरच जास्त, पण अकॉर्ड ती रेघ ओलांडून गेली आणि घरच्या गिऱ्हाइकाच्या नजरेत ती परक्या मापाची झाली.

१९९७ मध्ये होंडाने या पेचावर जो तोडगा काढला तो मला या साऱ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. सहाव्या पिढीत एका नावाच्या वेगवेगळ्या अंगकाठीच्या गाड्या निघाल्या. जपानची अकॉर्ड पुन्हा १,६९५ मिलिमीटर रुंद, रेघेच्या आत. अमेरिकेची १,७८५ मिलिमीटर आणि लांबीला ४.८ मीटरच्या घरात. युरोपची आणखी तिसरी. तिथे इंग्लंडमधल्या स्विंडनला १९९२ पासून अकॉर्ड बनत होती. पायाची रचना एकच, पण ताणता-आवळता येईल अशी केलेली.

२००२-०३ मध्ये तर नावांचीही अदलाबदल झाली. जपान-युरोपची अकॉर्ड अमेरिकेत होंडाच्याच अ‍ॅक्युरा या महागड्या गाड्यांच्या बिल्ल्याखाली टीएसएक्स म्हणून गेली, आणि अमेरिकेची अकॉर्ड जपानमध्ये इन्स्पायर नावाने विकली गेली. स्वतःच्या माहेरी स्वतःचं नाव लावता येईना. २००७ मध्ये आलेली अमेरिकी आवृत्ती इतकी वाढली की प्रवासी जागा आणि डिकी मिळून आतली जागा १२० घनफुटांवर गेली आणि अमेरिकी पर्यावरण खात्याने तिला ‘मोठ्या गाड्यां’च्या वर्गात टाकलं. सव्वाचार मीटरही न भरणारी हॅचबॅक तीस वर्षांत इथवर आली होती.

२०१३ मध्ये होंडाने दोन अकॉर्डचा संसार मोडला. जपानमध्येही अमेरिकी अंगकाठीचीच अकॉर्ड, हायब्रिड इंजिनासह, साइतामातल्या सायामा कारखान्यात बनू लागली. या ओढाताणीत जिंकली कोण, तर मेरीसव्हिलची गाडी.

दुसरे पत्ते, थोडक्यात

चीनमध्ये होंडाने ग्वांगजौला प्यूजो या फ्रेंच कंपनीने सोडलेला कारखाना भागीदारासह घेतला आणि १९९९ मध्ये तिथे अकॉर्डच पहिली काढली. भारतात ग्रेटर नोएडाच्या कारखान्यात १९९८ ला सिटी आली आणि २००१ ला अकॉर्ड. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर दिसणारी ती अकॉर्ड सुटे भाग आणून इथे जोडलेली होती. २०१६ मध्ये हायब्रिड होऊन ती परतली तेव्हा तयार गाडी थायलंडहून येत होती आणि चॅसिस नंबर ‘एमआरएच’ने सुरू होत होता. चाळीस लाखांच्या आसपासच्या त्या किमतीला इथे फारसं कुणी घेतलं नाही. डिसेंबर २०२० मध्ये ग्रेटर नोएडातलं मोटारींचं उत्पादनच थांबलं. सिटी आता राजस्थानातल्या टपुकड्याला बनते.

मराठी वाचकाला होंडाच्या या प्रवासातला जवळचा थांबा आठवेल तो किनेटिक होंडाचा. अमेरिकेत होंडा एकटी गेली, भागीदार न घेता. भारतात १९८४ मध्ये त्या वेळच्या नियमांमुळे तिला पुण्याच्या किनेटिकचा हात धरावा लागला आणि गिअर न टाकता चालणारी स्कूटर पिथमपूरला बनू लागली. १९९८ मध्ये ही जोडी फुटली आणि तीनेक वर्षांतच होंडाने मानेसरला स्वतःच्या बळावर स्कूटरचा कारखाना काढला. मेरीसव्हिलचं प्रकरण वाचल्यावर तो निर्णय जास्त कळतो. आपली पद्धत स्वतःच्या छपराखालीच पूर्णपणे राबवता येते, हे या कंपनीने ओहायोत अनुभवलं होतं.

पुन्हा पत्ता बदलतो आहे

२०१७ ची दहावी पिढी खालून रुंद, छताने बसकी, सहा सिलिंडरचं इंजिन सोडून टर्बोवर आलेली. उत्तर अमेरिकेतला २०१८ चा ‘कार ऑफ द इयर’ पुरस्कार तिला मिळाला. कूपे मात्र बंद झाली, आणि विक्रीत होंडाच्या दारातच सीआर-व्ही ही उंच गाडी अकॉर्डच्या पुढे निघून गेली. अमेरिकी कुटुंब सेडानमधून उतरून एसयूव्हीत चढत होतं. ज्या गिऱ्हाइकासाठी अकॉर्ड रुंद होत गेली त्यालाच आता ती ठेंगणी वाटू लागली.

जपानमध्ये सायामाच्या कारखान्यातलं मोटारींचं काम २०२१ मध्ये थांबलं. त्याआधीच, २०२० पासून, जपानमधली अकॉर्ड थायलंडहून यायला लागली होती; २०२४ मध्ये तिथे आलेली अकरावी पिढीही तिथूनच येते. लांबी ४.९७ मीटर, रुंदी १.८६. टोकियोतल्या माणसाने आज नवी अकॉर्ड घेतली तर ती परदेशी बनलेली, आणि अंगाने अमेरिकी रस्त्यासाठी वाढलेली.

मेरीसव्हिलमध्ये मोटरसायकलींचं काम २००९ ला संपलं. गोल्ड विंग जपानला, कुमामोतोला परत गेली. मोटारींच्या बाजूला एक कोटी अकॉर्डचा टप्पा केव्हाच मागे पडला. २०२२ मध्ये होंडाने ओहायोतले कारखाने विजेच्या गाड्यांसाठी नव्याने सजवायचं ठरवलं, ७० कोटी डॉलर खर्चून, आणि २०२३ मध्ये सांगितलं की मेरीसव्हिलमध्ये त्यासाठी जागा करायची म्हणून अकॉर्ड २०२५ पासून इंडियानातल्या ग्रीन्सबर्गला हलेल. ते गाव शेजारच्याच राज्यात आहे आणि तिथल्या कामगारांना सिव्हिक व सीआर-व्हीचा अनुभव आहे, त्यामुळे गाडीच्या दर्जात फरक पडेल असं मला वाटत नाही. चॅसिस नंबरच्या सुरुवातीला ‘१’ही तसाच राहील. फरक कळेल तो अकराव्या जागेवर, जिथे कारखान्याची खूण असते. मेरीसव्हिलची खूण होती ‘ए’.